फोटो बालवाडीतला, संमती कुणाची?

रत्नागिरी, प्रतिनिधी - बालवाडीत मूल दाखल झाले की त्याचा पहिला फोटो बहुधा पहिल्याच दिवशी काढला जातो. कधी दारात रडताना, कधी हाती फुगा घेऊन, कधी पाटीवर पहिली रेघ ओढताना. पुढे वर्षभर हा क्रम थांबत नाही. आषाढीची दिंडी, दहीहंडी, ईद, स्वातंत्र्यदिन, बालदिन, स्नेहसंमेलन, पोषण आहार, वजन-उंचीची नोंद. प्रत्येक प्रसंगी कुणाचा तरी मोबाइल समोर असतोच. वर्ष सरते तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलाची कितीतरी छायाचित्रे निघालेली असतात. ती कुणाच्या फोनमध्ये आहेत, कोणत्या संकेतस्थळावर झळकली आहेत, कोणत्या शासकीय प्रणालीत जमा झाली आहेत, हे बहुतेक पालकांना सांगता येत नाही. अनेकदा संस्थेलाही सांगता येत नाही.

आजवर यात कुणाला फारसे वावगे वाटले नाही. कौतुकाने काढलेला फोटो कौतुकानेच पाहिला जाईल, असा समज त्यामागे होता. मात्र संसदेने २०२३मध्ये संमत केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे नियम यांमुळे हा विषय केवळ कौतुकाचा राहिलेला नाही. मुलाचा ओळखता येण्याजोगा फोटो ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि ती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागेल, असे कायदा सांगतो. प्रश्न असा, की ही संमती म्हणजे प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावरची एक सही, की आणखी काही?

अंगणातून जगात

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी शिक्षण त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेले. अंगणवाडी हा शब्द त्याच कार्यातून रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. महाराष्ट्रात आज सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. शहरांत त्यांच्या जोडीला खासगी बालवाड्या, नर्सरी, प्लेग्रुप आणि पाळणाघरे आहेत.

अंगण ही जागा सर्वांना दिसणारी असते. शेजारीपाजारी येतात-जातात, मुलांकडे पाहतात, त्यांना नावाने हाक मारतात. पण ते पाहणारे ओळखीचे असतात आणि पाहिलेले तिथेच राहते. फोटोचे तसे नाही. सेविकेने किंवा शिक्षिकेने काढलेला फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला की गटातील प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची एक प्रत तयार होते. अनेक फोनमध्ये ती आपोआप साठवली जाते आणि तिथून तिची आणखी एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. गटातील एखाद्याने तो पुढे पाठवला, कुणी फेसबुकवर ठेवला, संस्थेने तोच प्रवेशाच्या जाहिरातीत वापरला, तर मूळ फोटो पुसून टाकूनही उपयोग नसतो. अंगणात पाहिलेले आणि फोटोत राहिलेले यांत हा मोठा फरक आहे. संमतीचा विचार या फरकापासून सुरू करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांच्या डिजिटल पाऊलखुणांचा खास उल्लेख केला होता. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील सोळावे कलमही मुलांच्या खासगी आयुष्याला संरक्षण देते.

२०२३च्या कायद्याने या हक्काला व्यवहाराचे नियम दिले. त्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते. मुलाची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यापूर्वी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे कलम ९ सांगते. म्हणजे संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि ती कोण आहे, याची खातरजमा संस्थेने करावयाची आहे. मुलाच्या हिताला बाधक ठरेल असा वापर करण्यास, तसेच मुलांवर पाळत ठेवण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास याच कलमाने मनाई केली आहे. मुलांविषयीची ही बंधने मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियमांच्या अधिसूचनेत संस्थांना तयारीसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला असून त्यानुसार या तरतुदी मे २०२७मध्ये अमलात यावयाच्या आहेत.

संमती कशी असावी, हे कलम ६मध्ये आहे. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. संमती मागण्यापूर्वी कोणती माहिती, कशासाठी घेत आहोत, हे सांगणारी सूचना द्यावी लागते. दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. 'शाळेच्या कोणत्याही उपक्रमाची छायाचित्रे शाळा कोठेही वापरू शकेल' हे प्रवेशअर्जात सर्रास आढळणारे वाक्य या कसोटीवर टिकणे अवघड आहे. त्यात कारण नाही, जागा नाही, मुदत नाही. आणि सही न करणाऱ्याला प्रवेश मिळेल की नाही, याचा खुलासाही नाही.

सूट कशाला, कशाला नाही

कायद्याने शिक्षणसंस्था, पाळणाघरे आणि शासकीय योजना यांना काही सवलती दिल्या आहेत. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बहुतेक वाद यावरूनच होतील.

शिक्षणसंस्थेला शैक्षणिक कामासाठी किंवा दाखल मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुलांवर लक्ष ठेवता येते. पाळणाघराला सोपवलेल्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती अशीच मुभा आहे. बदलापूर येथील बालवर्गातील दोन मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४मध्ये उघडकीस आल्यानंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले. सुरक्षिततेसाठी बसवलेल्या अशा कॅमेऱ्यासाठी प्रत्येक पालकाची वेगळी सही लागणार नाही. परंतु त्याच कॅमेऱ्यातील एखादा गोंडस प्रसंग कापून संस्थेच्या पानावर टाकला, तर त्याचा सुरक्षिततेशी संबंध उरत नाही. सवलत कारणाला आहे, कॅमेऱ्याला नाही.

शासकीय लाभ किंवा सेवा देण्यासाठी लागणारी माहितीही, त्या कामापुरती, सवलतीत येते. मुलाची नोंदणी, वजन, उंची, आहाराचे वाटप यांसाठी आवश्यक तेवढी माहिती अंगणवाडी घेऊ शकते. मात्र पाहुण्यांच्या भेटीचा, उद्घाटनाचा किंवा देणगीदाराने दिलेल्या वह्यांच्या वाटपाचा फोटो मुलाला आहार मिळण्यासाठी आवश्यक नसतो. तो प्रसिद्धीसाठी असतो. प्रसिद्धीला सवलत नाही.

कौटुंबिक वापर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. स्नेहसंमेलनात आईने आपल्या मुलाचा नाच घरच्यांसाठी मोबाइलवर टिपला, तर तो गुन्हा नव्हे. त्या चित्रीकरणात शेजारचे मूल दिसते म्हणून तिला अडवण्याचेही कारण नाही. तीच चित्रफीत सर्वांसाठी खुल्या पानावर टाकताना मात्र शेजारच्या मुलाच्या आई-वडिलांना विचारणे हा निदान शिष्टाचार तरी आहे.

शिधा देणाऱ्यालाच नकार कसा द्यायचा?

खासगी नर्सरीतील पालकांसमोर अर्ज तरी येतो. तो न वाचता सही होते, ही गोष्ट वेगळी. अंगणवाडीतील पालकांना बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. वास्तविक सर्वाधिक फोटो तिथेच निघतात.

त्याचे कारण सेविकेची हौस नाही. फोटो हा आता शासकीय कामाचा पुरावा झाला आहे. केंद्राचे पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१मध्ये आले. केंद्र उघडले का, किती मुले आली, आहार दिला का, याची नोंद सेविका मोबाइलवरून करते. दर सप्टेंबरमध्ये पोषण माह साजरा होतो आणि त्यातील उपक्रमांची छायाचित्रे वर पाठवावी लागतात. पर्यवेक्षिका, प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा परिषद यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकावयाचे फोटो निराळे. १ जुलै २०२५पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळवून पाहणे बंधनकारक झाले. तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हा चेहरा आईचा किंवा पालकाचा असतो. एकूण व्यवस्थेचा भर पाहता, फोटो नसेल तर काम झालेच नाही, अशी भावना सेविकांमध्ये निर्माण होणे स्वाभाविक आहे.

शाळांनाही हा अनुभव नवा नाही. राज्याच्या शिक्षण विभागाने नोव्हेंबर २०१६मध्ये विद्यार्थ्यांच्या उपस्थितीसाठी दहा-दहा मुलांच्या गटासह शिक्षकांनी सेल्फी काढून 'सरल' प्रणालीत भरावी, असा आदेश काढला होता. शिक्षकांनी त्याला मोठा विरोध केला. फेब्रुवारी २०२४मध्ये मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासह विद्यार्थी व पालकांचे फोटो एका संकेतस्थळावर टाकण्याचा उपक्रम राबवण्यात आला. दोन्ही वेळी चर्चा झाली ती शिक्षकांवरील ताणाची आणि राजकारणाची. मुलांचे चेहरे कुठे साठणार आणि किती काळ राहणार, हा प्रश्न मागेच राहिला.

आता संमतीतील 'मोकळेपणाने' या शब्दाकडे पाहू. ज्या बाईकडून मुलाला दुपारचा गरम आहार मिळतो, जिच्या नोंदीवर घरचा शिधा अवलंबून आहे, तिने 'जरा इकडे बघ' म्हटले तर कोणती आई नाही म्हणेल? तिला कुणी धमकावलेले नसते. तरीही नकार दिला तर काही तरी बंद होईल, ही शंका तिच्या मनात असते. अशा वेळी मिळालेल्या होकाराला मोकळा होकार म्हणणे कठीण आहे.

ही शंका दूर करणारी तरतूद कायद्यात आधीपासून आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३च्या कलम ५नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार हा हक्क आहे. प्रसिद्धीच्या फोटोला नकार दिला म्हणून हा हक्क जात नाही. ही एक ओळ प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत लिहिली गेली, तरी निम्मा प्रश्न सुटेल.

मिरकरवाड्याचे वेळापत्रक

रत्नागिरीतील मिरकरवाडा बंदरासारख्या वस्तीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील जीवन मासेमारीच्या हंगामाने बांधलेले आहे. १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला पावसाळी बंदी असते. नौका किनाऱ्याला येतात, जाळी विणायला-दुरुस्तीला निघतात आणि एरवी समुद्रावर असणारे पुरुष घरी असतात. शाळा-बालवाड्यांचे प्रवेश याच सुमारास होतात. म्हणजे आई आणि वडील दोघेही समोर असण्याचा काळ आणि अर्ज भरण्याचा काळ येथे जुळून येतो. ही सोय आहे. तिचा उपयोग मात्र वडिलांना अर्जाच्या तळाशी सही करायला बोलावण्यापुरताच होतो.

बंदी उठली की चित्र बदलते. तांडेल आणि खलाशी समुद्रात जातात. ट्रॉलर व पर्ससीन नौकांवरील माणसे वेळी-अवेळी परततात. बंदरावर लिलाव, बर्फ, वाहतूक यांची धांदल सुरू होते आणि घरातील बायकाही मासळीच्या विक्रीत गुंततात. मूल सोडायला-न्यायला आजी येते, मोठी बहीण येते, शेजारीण येते. जानेवारीत एखाद्या संस्थेला माहितीपटासाठी बालवाडीचे चित्रीकरण करावयाचे असेल, तर त्या वेळी दारात उभ्या असलेल्या आजीने 'घ्या की' म्हणणे, ही कायद्याच्या दृष्टीने संमती नव्हे. कारण कायद्याला आई, वडील किंवा कायदेशीर पालक अपेक्षित आहे. मोठ्या बहिणीची सही तर मुळीच चालणार नाही. तीही बहुधा कायद्याने मूलच असते.

जूनमध्ये घेतलेली सर्वसाधारण सही जानेवारीतील माहितीपटाला पुरत नाही. मग काय करावे? आईच्या फोनवर नेमके कारण सांगणारा संदेश पाठवून तिचे लेखी उत्तर घेता येईल. समुद्रावरील वडिलांची वाट पाहण्याची गरज नाही. आईची संमती पुरेशी आहे. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ होकार धरू नये. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. 'ज्यांना हरकत असेल त्यांनी कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल' हा आपल्याकडील लोकप्रिय मसुदा नव्या कायद्यात बसत नाही. संमती स्पष्ट कृतीतून दिसली पाहिजे, गप्प राहण्यातून नव्हे.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छीमार कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि रत्नागिरी परिसरात मराठी व इंग्रजीबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय पालकांना दिला पाहिजे, असे कायदा म्हणतो. या यादीत मराठी आहे, तशी उर्दूही आहे. नेपाळीही आहे. कोकणातील नौकांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत, हे लक्षात घेतले तर ही तरतूद कागदापुरती नाही. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीने दिलेला इंग्रजी अर्ज वाचता न येणाऱ्या आईची सही ही माहिती घेऊन दिलेली संमती ठरत नाही.

धोका नेमका कोणता?

'एका फोटोने काय होते?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील घटनांत आहे.

लंडन परिसरात शाखा असलेल्या किडो या बालवाड्यांच्या समूहाची माहिती सप्टेंबर २०२५मध्ये चोरीस गेली. सुमारे आठ हजार मुलांची नावे, पत्ते व फोटो हाती लागल्याचा दावा चोरांनी केला. खंडणीसाठी काही मुलांचे फोटो व तपशील त्यांनी इंटरनेटच्या काळोख्या भागात उघड केले. समाजातून संताप व्यक्त झाल्यावर ते मागे घेण्यात आले. पुढच्याच महिन्यात १७ वर्षांच्या दोघांना अटक झाली. इथे बालवाडीने फोटो जाहीरही केले नव्हते. ते केवळ साठवलेले होते. अधिक फोटो साठवणे म्हणजे अधिक जोखीम साठवणे, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०२४मध्ये 'लायन-५बी' या प्रचंड माहितीसंचाची पाहणी केली. संगणकाला चित्रे तयार करण्यास शिकवण्यासाठी हा संच वापरला जातो. त्यात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातील खऱ्याखुऱ्या मुलांच्या फोटोंचे दुवे आढळले. तपासला गेलेला भाग संपूर्ण संचाच्या अत्यल्प अंशाइतकाच होता. त्यांपैकी एक फोटो भिंतीवरील रंगीत चित्रासमोर उभ्या असलेल्या तीन व चार वर्षांच्या दोन मुलांचा होता. फोटोखालच्या ओळीतून त्यांची पूर्ण नावे, वय आणि पर्थमधील त्यांच्या बालवाडीचे नाव कळत होते.

या दुसऱ्या उदाहरणात खरा धोका चेहऱ्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या माहितीत आहे. गणवेशावरील बोधचिन्ह, मागचा फलक, ओळखपत्रावरील नाव आणि वर्ग, 'आमची अमुक आज चार वर्षांची झाली' ही ओळ. हे सारे एकत्र आले की अनोळखी माणसाला मुलाचे नाव, वय, जागा आणि ती सुटण्याची वेळ कळते. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत ठिकाणाची नोंदही असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवताना ती बहुधा गळून पडते; फाइल म्हणून पाठवला तर राहते.

फोटोत फेरफार करून अश्लील चित्र बनवण्याचे प्रकार हा याहून गंभीर धोका. २०१९मधील दुरुस्तीनंतर 'पॉक्सो' कायद्यात संगणकाने तयार केलेली किंवा फेरफार केलेली, पण मुलाचे भासणारी चित्रेही गुन्ह्याच्या व्याख्येत आली. असे साहित्य जवळ बाळगणे हाही ठरावीक परिस्थितीत गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बखाली पहिल्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा कठोर आहे. पण तो पुढे येतो तो इजा झाल्यानंतर.

काही मुलांच्या बाबतीत साधा गटफोटोही घातक ठरू शकतो. मारहाणीमुळे घर सोडून दुसऱ्या गावी आलेल्या आईचे मूल, ताब्याविषयी वाद चालू असलेले मूल, अत्याचारातून सावरणारे मूल. त्यांचा ठावठिकाणा एका फोटोने उघड होतो. पीडित किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख, त्याच्या शाळेच्या नावासह, प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ने मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणत्या मुलामागे कोणती कहाणी आहे, हे फोटो काढणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. म्हणूनच आधी विचारायचे.

फोन कुणाचा?

इंग्लंडमधील प्लिमथ येथे २००९मध्ये एका बालवाडीच्या कर्मचारी महिलेला मुलांवरील अत्याचार आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढल्याबद्दल अटक व पुढे शिक्षा झाली. त्या प्रकरणाने तो देश हादरला. २०१२मध्ये लागू झालेल्या तेथील नियमांनी बालवाडीच्या सुरक्षा धोरणात मोबाइल व कॅमेऱ्याच्या वापराचा स्पष्ट उल्लेख बंधनकारक केला. त्याच देशातील माहिती आयुक्तालयाने पालकांनी स्नेहसंमेलनात घरच्यांसाठी फोटो काढण्यास माहिती संरक्षण कायद्याची आडकाठी नाही, असेही सांगितले आहे. म्हणजे बंदी हा उपाय नव्हे. कुणाच्या फोनवर, कशासाठी आणि किती काळ, हे ठरवणे हा उपाय.

आपल्याकडे खासगी बालवाडीतील शिक्षिका सहसा स्वतःच्याच फोनवर फोटो काढते. तिने नोकरी सोडली तरी मुलांचे फोटो तिच्या फोनमध्ये राहतात. तिचा हेतू वाईट नसतो, पण फोन हरवतो, विकला जातो, दुरुस्तीला जातो. संस्थेने एक स्वतंत्र फोन ठेवला, त्यातील फोटो ठरावीक दिवशी संगणकावर घेऊन पुसले, तर फार खर्च न होता हा प्रश्न मिटतो. अंगणवाडी सेविकेकडून मात्र हे अपेक्षिताना तिला चांगला शासकीय फोन देणे आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावरील फोटोंची मागणी कमी करणे ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. आदेश वरून यावा आणि जबाबदारी खाली ढकलावी, असे होऊ नये.

मालकीचा गैरसमज

'फोटो आम्ही काढला, तो आमचा' असे संस्था म्हणते. 'फोटो माझ्या मुलाचा, तो माझा' असे पालक म्हणतात. प्रताधिकार कायदा, १९५७नुसार फोटोचा पहिला मालक सामान्यतः तो काढणारा किंवा, नोकरीचा भाग म्हणून काढला असेल, तर त्याचा मालक असतो. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर तो सांगणारा मालक ठरतो. त्यामुळे संस्थेने छायाचित्रकार नेमला तर प्रताधिकार संस्थेकडे जाऊ शकतो. पण प्रताधिकार म्हणजे मुलाचा चेहरा वापरण्याचा परवाना नव्हे. दोन्ही हक्क वेगळे आहेत आणि एक असल्याने दुसरा मिळत नाही.

वृत्तपत्रेही या प्रश्नापासून मुक्त नाहीत. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाचा फोटो हा जूनमधील पानांचा ठरलेला भाग आहे. २०२३च्या कायद्यात पत्रकारितेसाठी स्वतंत्र सूट नाही. तेव्हा मुलाचे नाव छापण्यापूर्वी पालकांना विचारणे वृत्तपत्रांनाही लागू आहे.

संमतिपत्र कसे असावे?

चांगले संमतिपत्र एका पानात मावते. त्यात फोटोंचे तीन कप्पे वेगळे असावेत. पहिला कप्पा सेवेसाठी व सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या नोंदींचा. त्याबद्दल माहिती द्यावी. सही मागण्याचा देखावा करू नये. दुसरा पालकांना दाखवण्याच्या फोटोंचा, म्हणजे वर्गाचा गट, वार्षिक अल्बम. तिसरा प्रसिद्धीचा, म्हणजे संकेतस्थळ, समाजमाध्यमे, पत्रके, फलक, वृत्तपत्रे, देणगीदारांचे अहवाल. दुसऱ्या व तिसऱ्या कप्प्यातील प्रत्येक गोष्टीसमोर 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असाव्यात. आधीच 'हो'वर खूण केलेली नसावी.

त्याखाली पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. फोटोबरोबर नाव येईल की नाही. फोटो किती काळ ठेवला जाईल आणि मूल संस्था सोडून गेल्यावर त्याचे काय होईल. तो कोण पाहू शकेल. संमती मागे घ्यायची तर कुणाला आणि कसे कळवायचे. आणि 'नाही' म्हटल्याने प्रवेश, आहार किंवा कार्यक्रमातील सहभाग यांवर परिणाम होणार नाही. संमती दरवर्षी नव्याने घ्यावी. मोठा नवा उपयोग निघाला तर पुन्हा विचारावे.

नकार देणाऱ्या मुलाचे काय, ही शिक्षिकांची खरी अडचण आहे. फोटोच्या वेळी त्या एकट्याला बाजूला उभे करणे हे फोटो काढण्याहून वाईट. त्यापेक्षा मुलांच्या पाठमोऱ्या आकृत्या, मातीत रंगलेले हात, भिंतीवर लावलेली चित्रे, रांगेतल्या चपला यांचे फोटो घ्यावेत. उपक्रम त्यातूनही दिसतो. अहवालाला पुरावा हवा असतो, चेहरा नव्हे. मुलाच्या आंघोळीचे, कपडे बदलण्याचे, झोपेतले किंवा रडतानाचे फोटो पालकांची संमती असली तरी काढू नयेत, एवढा संकेत तरी सर्वांनी पाळावा.

तक्रार कुठे करावी?

विनासंमती फोटो दिसला तर प्रथम संस्थेला लेखी कळवून तो काढण्यास सांगावे. पाने पुसली जाण्यापूर्वी दुव्यासह त्यांची छायाप्रत जपून ठेवावी. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांकडे तक्रार निवारण अधिकारी असतो. त्यांच्याकडेही अर्ज करता येतो. नव्या कायद्यानुसार संस्थेने दाद न दिल्यास माहिती संरक्षण मंडळाकडे जाण्याची व्यवस्था आहे. फोटोत अश्लील फेरफार झाला असेल किंवा मुलाला धोका असेल, तर थांबू नये. जवळचे पोलिस ठाणे, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल आणि मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी यांच्याशी लगेच संपर्क साधावा. पोर्टलवर मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

संमतीचा हा सारा खटाटोप पालकांच्या सहीभोवती फिरतो. पण फोटो ज्याचा असतो ते मूल बाराव्या किंवा सोळाव्या वर्षी तो पाहणार असते. आई-वडिलांचा अधिकार विश्वस्ताचा आहे, मालकाचा नाही. चार वर्षांच्या मुलाला कायदा कळत नाही, तरी तोंड फिरवणे आणि 'नको' म्हणणे त्याला येते. मोबाइल धरलेल्या हाताने तेवढे ऐकले, तर संमतीचा पहिला नियम पाळला गेला असे म्हणता येईल.